ती खेळणी नाहीत!

दिवाळी आली की "मुलांच्या किल्ल्यावर चार मावळे कमी पडतात, तुमचे द्या की!" हे मी अजून किती वर्षे ऐकायचे? मी रंगवलेले ते धातूचे चिमुकले शिपाई मावळे नाहीत. १७६१ च्या पानिपतावरचे इब्राहिमखानाचे गारदी, म्हणजे कवायती बंदूकधारी शिपाई आहेत, शिवकाळ संपून तेव्हा ऐंशी वर्षे उलटली होती! सोलापूरच्या मे महिन्यात ॲक्रिलिक रंग कुंचल्यावरच सुकतो, म्हणून पहाटे उठून २८ मिलिमीटरच्या एकेका शिपायाचा पट्टा आणि संगीन मी रंगवतो, आणि पाहुणे नेमके संगिनीलाच धरून त्याला उचलतात. मऊ धातू वाकतो, सरळ करायला जावे तर तुटतो. खालच्या चकतीला धरा, हे शंभरदा सांगितले! गेल्या वर्षी दोन गारदी ओल्या मातीत, अळिवाच्या रोपांत रुतलेले सापडले. एकाला हात नव्हता.