‘पाळी चालू तोवर हृदय बिनघोर’: या मेसेजमधलं खरं किती?

“पाळी चालू आहे तोवर बाईला हार्ट अटॅक येत नाही. पाळी गेली की हार्मोनच्या गोळ्या सुरू करा, हृदय पुन्हा तरुण! आणि आपल्या कोकणातल्या बायकांना तर मासे-कोकमामुळे काळजीच नाही.” मंडळांच्या ग्रुपवर फिरणाऱ्या या मेसेजमधली पहिली दोन वाक्यं अर्धवट खरी आहेत. गोची तिथेच आहे.

पाळी चालू असताना अंडाशयात बनणाऱ्या इस्ट्रोजेन या हार्मोनमुळे रक्तवाहिनीचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड जास्त तयार करतं, वाहिनी सैल राहते. यकृत रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलही जास्त उचलतं. म्हणून बायकांना हृदयविकार पुरुषांपेक्षा साधारण सात ते दहा वर्षं उशिरा गाठतो. गाठतो मात्र नक्की. मधुमेह किंवा तंबाखू असेल तर ही सवलत बरीचशी संपते, आणि सकाळी लावायची मिश्री ही भाजलेली तंबाखूच. निकोटिन हिरडीतून रक्तात जातं, नाडी आणि बीपी दोन्ही चढतात. गरोदरपणात बीपी किंवा साखर वाढली असेल, चाळिशीच्या आत पाळी गेली असेल, तरी धोका जास्त. ‘पिशवी काढली’ एवढं सांगून भागत नाही. अंडाशयं ठेवली की काढली, ते डिस्चार्ज कार्डावर बघा. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही काढली असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता गोळ्या. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’मध्ये 50 ते 79 वयाच्या 16,608 बायकांवर इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन गोळीची चाचणी झाली. ती 2002 मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली: दर 10,000 बायकांमागे वर्षाला हृदयविकाराचे 7 आणि पक्षाघाताचे 8 रुग्ण जास्त निघाले. सरासरी वय 63 होतं, म्हणजे अनेकींच्या वाहिन्यांत चरबीचा थर आधीच बसलेला असणार. निरोगी अस्तराला जपणारं हार्मोन अशा ठिकाणी तसं वागत नाही. शिवाय पोटात घेतलेली गोळी आधी यकृतातून जाते आणि रक्त गोठवणारे घटक वाढवते. पॅच किंवा जेलमध्ये हा त्रास कमी. साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आधी, अंगातून वाफा येतात म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर जरूर घ्याव्यात. निव्वळ हृदयासाठी नको. आधी अटॅक, पक्षाघात, पायात गुठळी किंवा स्तनाचा कर्करोग झालेल्यांनी तर नकोच.

मासे? ताजा बांगडा, तारली उत्तम. खारवलेला बांगडा, सुकट आणि वर लोणचं, हा हिशोब वेगळा: दिवसाचं सगळं मीठ 5 ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे चहाचा एक चमचा.

कोकमाचं दुखणं निराळंच. छातीवर दाब, दम लागणं, जबडा किंवा पाठ दुखणं, मळमळ, घाम, एवढं होऊनही ‘पित्त असेल’ म्हणून कोकम सरबत पीत बसण्यात तास जातात. 108 ला फोन करा. पोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. तो नॉर्मल आला तरी दुखणं थांबलं नसेल तर पुन्हा काढायला सांगा. घाट चढून कोल्हापूर गाठण्याआधी, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन इथेच देता येईल का, ते विचारा. पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा गुण सर्वाधिक येतो.