"झाकणाचे पैसे कशाला?" वाल्या बार्बेक्यू मेसेजला उत्तर

थर्टीफर्स्ट जवळ आला की तो मेसेज परत फिरायला लागतो, यंदाही सगळ्या ग्रुपवर येऊन गेला. ज्यांना आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो काय म्हणतो तो: बार्बेक्यूच्या नावाने लुटतात, हजार रुपयाचा पत्र्याचा डबा आणि पंधरा हजाराचा झाकणवाला दोन्हीत कोळसा तोच जळतो, झाकण आणि हवा कमी-जास्त करायच्या झडपा म्हणजे शायनिंग. रॉकेल टाका, जाळ आला की चिकन चढवा, मोठ्या आचेवर भाजलं की रस आत लॉक होतो, फार भडकलं तर पाणी मारा. गच्ची नसेल तर हॉलमध्ये पंख्याखाली करा, कोळसा लाल झाला की धूर नसतो म्हणजे धोका नाही. आणि शेवटी ते नेहमीचं, आपल्या आज्या शेगडीवरच करायच्या की.

क्रमाने जात नाही, हॉलवाला मुद्दा आधी घेतो कारण बाकीच्यांनी फार तर चिकन वाया जाईल, ह्याने माणूस जाईल.

"धूर नाही म्हणजे धोका नाही"

साफ उलटं आहे हे. धूर येतो तो कोळसा पेटताना, त्यातला ओलावा आणि नीट न जळालेला लाकडाचा अंश बाहेर पडतो तेव्हा. निखारा लाल झाला, वर राखाडी साय धरली, सगळं कसं शांत दिसतंय, त्याच वेळी त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो आणि त्याला ना रंग ना वास, डोळ्यालाही झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त ओढीने चिकटतो, मग डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि पार्टीत कोणालाही वाटणार की ह्याला चढलीय. पंखा काय करतो तर तीच हवा गोल गोल फिरवतो, बाहेर काही टाकत नाही. थंडीत उत्तर भारतात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठलीच नाहीत अशा बातम्या जवळपास दर हिवाळ्यात येतात, तिकडे इंग्लंडात कॅम्पिंगला गेलेले लोक ऊब राहावी म्हणून विझत आलेला बार्बेक्यू तंबूत घेतात आणि तेच होतं.

काचा लावून बंद केलेली बाल्कनी पण खोलीच. गच्ची, अंगण, फार्महाऊस, जिथे वर आभाळ आहे तिथेच. सोसायटीची गच्ची असेल तर आधी विचारून घ्या, वरच्या मजल्यावाल्यांचे कपडे वाळत असतात. आणि जेवणं आटोपल्यावर "आता काय, विझलाच आहे" म्हणून आत आणून ठेवायचा नाही, रात्रभर बाहेरच राहू दे.

"आज्या शेगडीवरच करायच्या"

करायच्या ना, पण ती शेगडी कधी नीट बघितलीय का मेसेज लिहिणाऱ्याने? वर निखारे, त्याखाली जाळी, जाळीखाली राख पडायला जागा आणि तिथेच पुढे एक तोंड. आच वाढवायची तर आजी त्या तोंडाशी पुठ्ठ्याने वारा घालायची, कमी करायची तर निखाऱ्यावर राख सारायची. म्हणजे झडप होतीच की, फक्त ती आजीच्या हातात होती. तंदूरचंही तेच, खाली हवेला भोक आणि आच धरून ठेवायची असेल तर वरून झाकण. रायगडात थंडीत पोपटी लावतात, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेलं चिकन, तोंड पाल्याने गच्च बंद करून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ. आत पाण्याचा थेंब नाही तरी शेंगा अशा मऊ होतात की बघत राहावं, कारण आतली वाफ आतच राहते. तेव्हा झाकून भाजणं ही परदेशी शायनिंग आहे असं निदान अलिबाग-पेणच्या माणसाला तरी सांगायला जाऊ नका.

"दोन्हीत कोळसा तोच जळतो"

हा खरा मुद्दा, आणि ऐकायला बिनतोड वाटतो म्हणूनच तो इतका फिरतो. कोळसा तोच असतो, मान्य, पण तो किती जोरात जळणार हे कोळसा ठरवत नाही, हवा ठरवते. जास्त हवा मिळाली की धगधगतो आणि अर्ध्या तासात राख, कमी मिळाली की तोच कोळसा सावकाश दीड-दोन तास पुरतो. तुम्ही चांगल्या बार्बेक्यूचे जे पैसे देता ते ह्या हवेवरच्या ताब्याचे देता. खालची झडप हवा आत घेते, झाकणावरची बाहेर सोडते, दोन्ही उघड्या की आच चढते, खालची अर्धी लावली की उतरते. झाकण घातलं की उष्णता वरूनही येते, त्यामुळे तंगडीसारखा जाड तुकडा बाहेरून कोळसा न होता हाडापर्यंत शिजतो.

तो गोल, तीन पायांचा, झाकणाचा आकार आला कुठून ते पण गमतीशीर आहे. शिकागोकडे वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स नावाच्या कारखान्यात जॉर्ज स्टीफन काम करायचा, तिथे पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये बनायचे. उघड्या ग्रिलवर वारा आला की राख उडणार आणि आच पळणार, ह्याला तो वैतागला होता, तर १९५२ साली त्याने बोयाचा गोळा अर्धा कापला, खालच्या अर्ध्याला पाय लावले आणि वरच्या अर्ध्याचं झाकण केलं. म्हणजे झाकण नंतर किंमत वाढवायला चिकटवलेलं नाही, सगळा शोधच झाकणाचा आहे.

आता हजार रुपयाचा तो ब्रीफकेससारखा घडी होणारा डबा घ्या. पत्रा इतका पातळ की दोन-चार वेळा तापला की वाकडा होतो, वाकडा झाला की चारी बाजूंनी फटी, म्हणजे हवा तुमच्या मर्जीने नाही तर वाऱ्याच्या मर्जीने. निखारा आणि जाळी ह्यात जेमतेम चार बोटं अंतर, चरबीचा थेंब पडला की जाळ थेट मांसाला लागणार. कोळसा वाढवायचा तर सगळं चिकन उचलून जाळी काढा. चालतं, नाही असं नाही, पनीर आणि कांदा-सिमला मिरचीच्या काड्या होतात त्यावर, पण मेसेजमधला "सारखंच" हा शब्द काही टिकत नाही.

एका गोष्टीत मेसेज बरोबर आहे, ती पण सांगतो. तुम्हाला फक्त सीख कबाब आणि बोटीच करायची असेल तर झाकण खरंच नको. मोहम्मद अली रोडवर रमजानमध्ये बघा, लांब उघडी सिगडी, जाळी पण नाही, सळ्या दोन काठांवर टेकवलेल्या आणि एक माणूस पंखा घेऊन उभा. पातळ मांस, तेज आच, पाच-सात मिनिटांचं काम. तिथे ती सिगडीच योग्य, फक्त जाड पत्र्याची घ्या आणि सळ्या चपट्या घ्या, गोल सळीवर खिमा जागेवर फिरतो आणि एकच बाजू भाजत बसते.

घेताना काय बघायचं म्हणाल तर ब्रँड शेवटी बघा. दुकानात झाकण ठेवून हलवा, खडखडून डुगडुगत असेल तर सोडा. झडपा हाताने फिरवून बघा, नव्यातच अडकत असतील तर काजळी बसल्यावर हलणारच नाहीत. जाळीची सळी जाड हवी, पातळ तारेवरचा क्रोमचा मुलामा लवकर उडतो. बॉडीवर इनॅमल असेल तर उत्तम, जुन्या पांढऱ्या मगांवर असायचा तोच काचेचा थर, गंजू देत नाही, फक्त आपटायचा नाही. जाळीची एक बाजू उचलता येते का बघा, कोळसा घालायला लागतेच. चार-पाच जणांच्या घराला ४७ सेंटीमीटरचा गोल पुरे होतो, ५७ वाला घेतलात तर दर वेळी जास्त कोळसा जाळाल. झाकणावरचा थर्मामीटर बघून भुलू नका, तो झाकणाखालची हवा मोजतो, चिकन नाही. त्यापेक्षा टोचायचा थर्मामीटर वेगळा घ्या, चिकनच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता, ७४ अंश सेल्सिअस दिसलं की झालं.

आणि ते ड्रम कापून, बादली कापून घरीच बनवणारे व्हिडिओ, त्यात एक गोष्ट कोणी सांगत नाही. बादलीवर जस्ताचा मुलामा असतो. जस्त ४२० अंशाच्या आसपास वितळतं, निखारा त्याहून कितीतरी जास्त तापतो, आणि तापलेल्या जस्ताचा धूर छातीत गेला की तापासारखी कणकण येते, वेल्डिंगवाल्यांना विचारा, त्यांना माहीत असतं. ड्रममध्ये आधी काय भरलेलं होतं तो आणखी वेगळा प्रश्न.

"रॉकेल टाका"

पहिली गोष्ट रॉकेल मिळतं कुठे आता. दुसरी, कोळसा सच्छिद्र असतो, ते आत मुरतं आणि चिकनला वास येतो. पेट्रोलचा तर विचारच नको, त्याची वाफच पेट घेते. पेटत्या कोळशावर वरून ओतलं तर जाळ धारेबरोबर बाटलीपर्यंत येतो.

सरळ चिमणी घ्या, म्हणजे खाली जाळी असलेला पत्र्याचा उभा नळकांडा. वर कोळसा, खाली खाण्याच्या तेलाचं बोट लावलेला पेपरचा बोळा, काडी लावली की हवा खालून वर खेचली जाते आणि वीस मिनिटांत सगळा कोळसा सारखा पेटतो. कोकणात घर असेल तर नारळाचं वाळलेलं सोडण घाला खाली, पेपरपेक्षा भारी. कोळसा लाकडाचाच, बाभळीचा मिळाला तर छान, करवंटीच्या विटा पण चांगल्या टिकतात. दगडी कोळसा अजिबात नको, त्यात गंधक असतं. हुक्क्याच्या त्या पटकन पेटणाऱ्या चकत्या पण नकोत, त्यात पेटण्यासाठी घातलेलं रसायन असतं. पावसाळ्यात पोतं उघडं राहिलं की कोळसा पाणी धरतो, मग पेटत नाही आणि पेटला की तडतडून ठिणग्या उडवतो, घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवा.

"जाळ आला की चढवा" आणि "रस लॉक होतो"

जाळावर फक्त काजळी मिळते. चरबी जळून जी काळी पुटं चढतात त्यात आरोग्याला वाईट अशी संयुगं असतात, आणि चव पण कडू. निखाऱ्यावर राखाडी थर आला की चढवायचं. आच हाताने मोजा, जाळीच्या वर वीतभरापेक्षा थोडं कमी अंतरावर तळवा धरा, दोन-तीन सेकंदांत काढावा लागला तर तेज, पाचपर्यंत टिकला तर मध्यम.

रस लॉक होण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या लिबिग नावाच्या जर्मन केमिस्टची, आणि ती कधीच खोटी ठरलीय. त्याला लॅब पण नको, भाजलेला तुकडा जाळीवर उलटलात तरी चर्र आवाज येतच राहतो ना, तो आवाज रस बाहेर येऊन निखाऱ्यावर पडतोय त्याचाच आहे, लॉक झाला असता तर आला असता का? तेज आचेने वरून तांबूस होतं आणि त्याची चव लागते, तेवढ्यासाठी तेज आच हवीच, पण शेवटपर्यंत नको. म्हणून सगळा कोळसा एका बाजूला सारा, अर्धी जाळी रिकामी ठेवा. आधी निखाऱ्यावर रंग आणा, मग रिकाम्या बाजूला सरकवून झाकण घाला, झाकणावरची झडप चिकनच्या वर येईल अशी फिरवा म्हणजे धूर त्याच्यावरून जाईल. दह्याचं मॅरिनेशन असेल तर दही चक्क्यासारखं घट्ट बांधून घ्या, पातळ दही गळून कोळशावर जातं आणि चिकन नुसतं वाफवतं.

"पाणी मारा"

मारलंत तर राख उडून सगळी चिकनवर बसते, वाफेने हात भाजतो, आणि तापलेल्या इनॅमलला तडा जाऊ शकतो. जाळ उठला की तुकडे रिकाम्या बाजूला घ्या आणि झाकण घाला, हवा तुटली की जाळ बसतो. हजारच्या डब्यात ही सोयच नाही म्हणून त्यांना पाणी सुचतं.

जेवण झाल्यावर पण पाणी नको. दोन्ही झडपा पूर्ण बंद करा, निखारा गुदमरून विझतो आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी नव्यात मिसळून वापरता येतो, उघड्या डब्यातला मात्र सगळा राख होऊन जातो. राख दुसऱ्या दिवशी नीट गार झाल्यावरच काढा, आत लपलेला निखारा प्लास्टिकची कचऱ्याची बादली सहज वितळवतो. जाळी गरम असतानाच काट्याला अर्धा कांदा टोचून घासा, तारेचा ब्रश नको, त्याची तार तुटून जाळीला चिकटते आणि पुढच्या वेळी कोणाच्या तरी घशात.

राहिला पैशाचा हिशोब. वर्षातून एकदाच, ते पण थर्टीफर्स्टलाच करणार असाल तर पंधरा हजार घालू नका, मी पण नाही म्हणेन. जुन्या बाजारातून एक जाड लोखंडी शेगडी आणि त्यावर बसेल अशी जाळी आणा, उरलेल्या पैशात चिमणी आणि टोचायचा थर्मामीटर घ्या. फक्त तो घडीचा डबा घेऊ नका, तो ना धड शेगडी ना धड बार्बेक्यू.