‘आदिवासींना कर्ज दिलं की बुडतं’: हे खोटं आहे

ठाणे-कल्याणच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर फिरतो आहे: शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर भांडवल बुडतं, कारण तिथे तारण नाही, परतफेडीची सवय नाही, धंदा बाहेरच्या संस्थेनेच चालवावा.

आधी तारण. बचत गटाकडून 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण घ्यायचं नाही, बचत खात्यावर बोजाही ठेवायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. गट सहा महिने चालू हवा, पण ते महिने वहीवरून मोजायचे, खातं उघडल्याच्या तारखेपासून नव्हे. म्हणून अर्जासोबत इतिवृत्त आणि बचतीची वही न्यावीच.

परतफेडीची सवय नाही? दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात ती उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन. दर आठवड्याला खाण्यापुरते पैसे, हिशेब पावसाच्या तोंडावर. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. अख्खं कुटुंब विटा पाडून कर्ज फेडतं, आणि त्यांनाच बुडवे म्हणायचं, हा अन्याय आहे.

अडतं ते खेळत्या भांडवलावर. समजा, औषध कंपनीला विकायला गटाने रोज 200 किलो ओली गुळवेल (जंगलातली औषधी वेल) किलोला 30 रुपयांनी घेतली. रोजचे 6,000 झाले. कंपनीचं बिल 45 दिवसांनी निघालं, तर तोवर 2,70,000 रुपये अडकले; टेम्पोभाडं वेगळं. तेवढे नसले की वेल तोडणारी बाई संध्याकाळी रोख देणाऱ्या व्यापाऱ्याकडे जाते, आणि तिचं काही चुकत नाही. वन धन केंद्राला, म्हणजे वनोपजावर प्रक्रिया करून विकणाऱ्या आदिवासी गटांच्या सरकारी योजनेतल्या केंद्राला, 300 सभासदांमागे 15 लाखांपर्यंत मिळतात. ते आधी यंत्रात घातले की खरेदीला काही उरत नाही, यंत्र पडून राहतं. सुरुवातीला वजनकाटा, ताडपत्र्या, गोण्या पुरतात. मात्र वाळवायचे वेलीचे तुकडे जाड कापले तर आत ओल राहते, बुरशी धरते, माल परत येतो.

राहिला बाहेरच्या संस्थेचा मुद्दा. शहापुरातच कातकरी तरुणांनी आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्था उभी केली आणि गुळवेल थेट औषध कंपन्यांना विकली. गौण वनोपजावरचा (लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालावरचा) हक्कही 2006 च्या वनहक्क कायद्याने त्यांचाच आहे. बाहेरच्यांनी हिशेब लिहायला शिकवावं, खरेदीदार जोडून द्यावा. बँक खात्यावर सह्या मात्र गटातल्याच तिघींच्या असाव्यात, त्यातल्या कुठल्याही दोघींच्या चालतील अशा. चेकबुक पाड्यावर राहावं आणि दर बैठकीत पासबुकातली शिल्लक मोठ्याने वाचली जावी.