1969 फोर्ड मस्टँग मॅक 1 च्या शेकर स्कूपबद्दल: तुमच्या दोन ताऱ्यांच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्या गॅरेजने तुमच्या गाडीच्या शेकर स्कूपचं, म्हणजे बॉनेटच्या भोकातून वर येणाऱ्या हवेच्या तोंडाचं, काम केलं. त्यावर तुम्ही पाच तक्रारी लिहिल्यात. गाडी बंद असताना स्कूपचा फ्लॅप (आतली झडप) उघडाच राहतो. स्कूप हलतो आणि बॉनेटच्या कडेला घासून काळी रेघ पडली. पावसानंतर एअर क्लीनरमध्ये पाणी मिळालं. ताकद वाढली नाहीच, उलट पूर्ण रेस दिली की इंजिन गुदमरतं. आणि बिल 385 डॉलरने जास्त लागलं. यातल्या दोन तक्रारींत चूक सरळ आमची आहे आणि एकीत अर्धी. बाकी दोन मात्र चुका नाहीत, ती या यंत्रणेची रीतच आहे.

आधी फ्लॅप. फोर्डच्या 428 कोब्रा जेट इंजिनवरच्या या यंत्रणेत फ्लॅप बंद ठेवतो तो इंजिनचा व्हॅक्यूम (हवा आत खेचण्याची ओढ), आणि उघडते ती स्प्रिंग. गाडी आरामात चालत असते तेव्हा मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळीत) भरपूर व्हॅक्यूम असतो. फ्लॅपला जोडलेला डायफ्रॅम (रबरी पडदा) ओढला जातो, फ्लॅप मिटतो आणि इंजिन नेहमीच्या नळीतून श्वास घेतं. पेडल खालपर्यंत दाबलं की व्हॅक्यूम जवळजवळ शून्यावर येतो, स्प्रिंग जिंकते आणि बाहेरची थंड हवा आत येते. इंजिन बंद म्हणजेही व्हॅक्यूम शून्य. म्हणून उभ्या गाडीचा फ्लॅप उघडा दिसणं ही काम चोख झाल्याची खूण आहे. काळजी करायची ती उलट दिसलं तर: गाडी उभी आणि फ्लॅप मिटलेला, म्हणजे कुठेतरी जाम आहे. तुमची गाडी आली तेव्हा नेमकं तेच होतं. आधीच्या कुणीतरी फ्लॅप तारेने बांधून ठेवला होता, कारण आतला डायफ्रॅम वाळक्या भाकरीसारखा तडकला होता. शिवाय त्याची नळी कार्ब्युरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) अशा तोंडाला जोडली होती, जिथे आयडलला, म्हणजे पेडल न दाबता इंजिन चालू असताना, व्हॅक्यूमच येत नाही. नवी नळी आम्ही थेट मॅनिफोल्डवरून घेतली. हातपंपाने 15 इंच (पाऱ्याच्या मापात) व्हॅक्यूम देऊन मिनिटभर धरला. काटा एक इंचही खाली आला नाही. घरी तपासायचं असेल तर इंजिन आयडलला ठेवून ती नळी काढा आणि बोटाने बंद करा. आयडल बदलला तर डायफ्रॅम फाटलाय, नाही बदलला तर तो धडधाकट आहे.

पाण्याचं कारणही यातच आहे. तोंड पुढे, फ्लॅप उघडा, गाडी रात्रभर पावसात: पाणी कागदी फिल्टरपर्यंत जाणारच. स्पंजचा एक तुकडा तोंडाच्या मापाने कापून आत बसवा आणि त्याची लाल फीत स्टिअरिंगला बांधा, म्हणजे काढायचा विसरणार नाही. प्रेशर वॉशरचा फवारा स्कूपच्या तोंडावर कधीच मारू नका. भिजलेला फिल्टर वाळवून वापरू नका, कागद फुगतो. नवा आमच्याकडून फुकट घेऊन जा, कारण गाडी देताना हे सांगायला हवं होतं.

आता काळी रेघ. स्कूप हलणारच, तो बॉनेटला नाही, एअर क्लीनरच्या झाकणाला, म्हणजे इंजिनलाच बसवलेला असतो. 'शेकर' हे नाव त्यावरूनच पडलं. पण घासायला नको होता, आणि तो घासला आमच्यामुळे. इंजिन ज्यांवर बसतं ती दोन्ही रबरी माउंटिंग आम्ही नवी टाकली, मग इंजिन बंद असताना स्कूप भोकाच्या बरोबर मधोमध बसवला. दिसायला सुरेख. पण हे इंजिन जोर लावतं तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूने (या अमेरिकन गाडीत डावीकडून) वर उचललं जातं आणि त्याचा माथा प्रवाशाच्या बाजूला झुकतो. तुमची रेघ उजव्या कडेला आहे ती त्यामुळेच. अंतर उभ्या गाडीवर मोजून भागत नाही. चाकांना ठोकळे लावायचे, ब्रेक घट्ट दाबून ड्राइव्हमध्ये थोडी रेस द्यायची आणि दुसऱ्या माणसाने बाजूला उभं राहून झुकाव पाहायचा. गाडीसमोर कुणी उभं राहायचं नाही. त्या हिशेबाने प्रवाशाच्या बाजूची फट जास्त ठेवावी लागते. ही पायरी आमच्याकडून राहिली. आता माउंटिंगचे बोल्ट ढिले करून इंजिन जेवढं सरकेल तेवढं डावीकडे घेऊ. बॉनेट सरकवून हे साधता येईल, पण मग फेंडरच्या फटी वाकड्या दिसतील, म्हणून तो मार्ग नको. बॉनेटच्या कडेचं पॉलिश आणि लागला तर रंग आमच्या खर्चाने.

ताकदीचं जरा रोखठोक सांगतो. वाऱ्याच्या दाबाने इंजिनात हवा 'कोंबली' जाते हे ऐकायला छान वाटतं. ताशी 60 मैलांना तो दाब वातावरणाच्या दाबाच्या अर्धा टक्काही भरत नाही, 100 मैलांना सव्वा टक्क्याच्या आत. खरा फायदा थंड हवेचा. बॉनेटखाली 60 अंश सेल्सिअस आणि बाहेर 30 असेल तर बाहेरची हवा सुमारे 10 टक्के दाट असते. ताकदीत त्याच्या साधारण निम्मा फरक पडतो, तोही फक्त पेडल तळाला असताना. सिग्नलवरून निघताना तो जाणवणार नाही, आणि जाणवेल असं आम्हीही म्हणायला नको होतं.

गुदमरणं मात्र खरं आहे आणि तेही आमच्याकडूनच राहिलं. हवा दाट झाली की कार्ब्युरेटर त्या प्रमाणात पेट्रोल वाढवत नाही. मिश्रण 5 टक्क्यांच्या आसपास पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. तुमच्या हॉली कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी भोकं) फ्लॅप बांधलेला असतानाच्या गरम हवेवर जमवलेले होते. आम्ही फ्लॅप मोकळा केला आणि जेट तसेच ठेवले. एक पाहून ठेवा: पेडल दाबताक्षणी अर्ध्या सेकंदात धक्का बसतो, की वेग धरल्यावर 3000 आरपीएमच्या पुढे दम जातो? पहिलं असेल तर ॲक्सिलरेटर पंप (पेडल दाबताच जास्तीचं पेट्रोल मारणारा) किंवा त्याचा नोझल, दुसरं असेल तर जेट किंवा सेकंडरीची (जास्त रेसला उघडणाऱ्या कार्ब्युरेटरच्या दुसऱ्या जोडतोंडांची) स्प्रिंग. तुमच्या वर्णनावरून दुसरं वाटतं. प्रायमरी (नेहमी चालणाऱ्या तोंडांचे) जेट दोन नंबर मोठे टाकून सुरुवात करू. सेकंडरीला लगेच हात लावणार नाही, एका वेळी एकच बदल. तोवर पूर्ण रेस देऊ नका; 10.6 कॉम्प्रेशनच्या (मिश्रण इतकं जास्त दाबणाऱ्या) इंजिनात पातळ मिश्रणावर पिस्टन जायला वेळ लागत नाही.

बिल (डॉलरमध्ये): व्हॅक्यूम मोटर, म्हणजे डायफ्रॅमची डबी, 140, सील आणि नळ्या 20, अडीच तासांची मजुरी 225. फाटलेल्या डायफ्रॅमचा फोटो पाठवला होता आणि तुमचं 'ओके' आलं होतं, पण मेसेजमध्ये रक्कम लिहिली नव्हती. मजुरीचे 225 परत करतो.

गाडी मंगळवारी सकाळी आणा, शक्यतो न तापवता, म्हणजे माउंटिंगला लगेच हात घालता येईल. जेट बदलल्यावरच्या टेस्ट राइडला तुम्हीही बसा. पूर्ण रेसवरून गाडी न्यूट्रलला टाकून तिथेच बंद करू आणि रस्त्याच्या कडेला स्पार्क प्लग काढून रंग दाखवू, मिश्रण बरोबर आहे का ते त्यावरून कळतं. जाडे हातमोजे आमच्याकडे आहेत.