दोघांना समजेल अशा भाषेत

माझ्या भाचीचे लग्न ठरले असून ते विशेष विवाह कायद्याखाली, बेळगावात रीतसर नोटीस देऊन होणार आहे, आणि या एका बातमीवरून आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेले तीन आठवडे जे चालले आहे ते रोज रात्री वाचून मी इंग्लंडमधल्या ऑस्वेस्ट्रीत बसल्या जागी संतापतो आहे. मुलगी आमची, खानापूरची. मुलगा बैलहोंगलचा, घरी कन्नड बोलणारा. विवाह अधिकाऱ्यासमोर सह्या व्हायच्या, पण त्याआधी दोघांमध्ये अंतरपाट धरायचा. भटजी नाही, होम नाही. दोघांनी स्वतः लिहिलेली वचने एकमेकांना वाचून दाखवायची, अंतरपाट दूर झाला की अक्षता पडायच्या आणि मग पंगतीला मांडे, असा त्या दोघांचा साधा बेत आहे.

त्यावर थोरल्या काकांचे म्हणणे असे की होम आणि सप्तपदी नसेल तर ते लग्नच नव्हे, आणि हे आपण म्हणत नसून सुप्रीम कोर्ट म्हणते. माझ्या दादाचे म्हणणे नेमके उलटे: कायद्याने लग्न करायचे तर सही करून मोकळे व्हा, अंतरपाट आणि अक्षता हे अर्धवट पुरोगाम्यांचे नाटक आहे. तिसरा पक्ष चुलतभावांचा. त्यांना होमाशीही देणेघेणे नाही आणि कायद्याशीही नाही. वचने आधी मराठीत की आधी कन्नडमध्ये, एवढाच त्यांचा प्रश्न. मुलाकडच्यांनी वधूवरांनी एकमेकांच्या डोक्यावर जिरे-गूळ ठेवण्याचा आपला विधी सुचवला तेव्हा ‘आता हेबी त्यांचंच काय?’ असा एक संदेश आला आणि त्याखाली बावीस अंगठे उमटले.

काकांच्या सुप्रीम कोर्टाचे आधी पाहू. एप्रिल २०२४ चा तो निकाल मी मुद्दाम वाचला. कोणताही विधी न करता हिंदू विवाह कायद्याखाली नुसते प्रमाणपत्र मिळवलेल्या एका जोडप्याचे ते प्रकरण होते, आणि त्या कायद्यापुरते न्यायालयाचे म्हणणे बरोबरच आहे, कारण १९५५ चा हिंदू विवाह कायदा आधीच लागलेल्या लग्नाची नोंद करतो. १९५४ चा विशेष विवाह कायदा मात्र स्वतःच लग्न लावतो. त्याचे बारावे कलम ग्रुपवरच्या एकानेही वाचलेले दिसत नाही. लग्न दोघांना पसंत पडेल अशा कोणत्याही रीतीने लावावे, असे ते कलम म्हणते. अट एकच की विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर प्रत्येकाने दुसऱ्याला ‘मी तुमचा कायदेशीर पती किंवा पत्नी म्हणून स्वीकार करतो’ अशा अर्थाचे ठरलेले वाक्य म्हटले पाहिजे, आणि तेही दोघांना समजेल अशा कोणत्याही भाषेत. जादा फी भरली तर अधिकारी कचेरीपासून वाजवी अंतरावरच्या हॉलवरही येऊ शकतो. तीस दिवस कचेरीच्या भिंतीवर लटकणारी ती नोटीस, जिला कोणीही उठून हरकत घेऊ शकतो, ती मलाही आवडत नाही. पण रीत आणि भाषा या दोन बाबतींत या कायद्याने जी मोकळीक दिली आहे ती मला मिळाली नव्हती.

माझे लग्न २००७ साली श्रॉपशायरमधल्या एका हॉटेलात झाले. इथे नोंदणी पद्धतीच्या लग्नात धार्मिक मजकूर चालत नाही. २००५ च्या नियमांनी एवढीच सवलत दिली की एखाद्या गाण्यात किंवा उताऱ्यात देवाचा ओझरता उल्लेख आला तर तो खपवून घ्यावा. त्यामुळे काय वाचणार ते रजिस्ट्रारला आधी पाठवावे लागते. मी मंगलाष्टकांतल्या गंगा, सिंधू, सरस्वतीच्या श्लोकाचे भाषांतर पाठवले, ही भूगोलाची यादी आहे असे मनात धरून. बाईंनी अत्यंत विनयाने कळवले की नद्यांना आमचे मंगल करायला सांगितलेले असल्यामुळे ही प्रार्थना ठरते. वाक्यरचनेचे एवढे बारकाईने वाचन आमच्या शाळेतल्या संस्कृतच्या सरांनीही कधी केले नव्हते. मग मी चिडून स्वतःच आठ ओळी लिहिल्या. त्यांत कणकुंबीला उगवणारी मलप्रभा, आंबोलीहून आजरा-गडहिंग्लजमार्गे संकेश्वराकडे उतरणारी हिरण्यकेशी, घटप्रभेला जाऊन मिळणारी मार्कंडेय, निपाणीकडची वेदगंगा अशा आमच्या नद्या घातल्या आणि त्यांच्याकडे काहीही मागितले नाही. त्या मंजूर झाल्या. आज विचार करतो तेव्हा वाटते की ते माझ्या लग्नातले सर्वांत खरे मंगलाष्टक होते, आणि ते एका परक्या नियमाने माझ्याकडून लिहून घेतले.

भाषेचे प्रकरण याहून अवघड होते. माझी सासू वेल्समधल्या बाला गावची, घरी वेल्श बोलणारी. कायद्याने ठरवलेले लग्नाचे शब्द वेल्समध्ये वेल्श भाषेत म्हणता येतात, इंग्लंडच्या हद्दीत ते इंग्रजीतच म्हणावे लागतात. ते हॉटेल सीमेपासून जेमतेम पाच मैल अलीकडे होते. पाच मैल पलीकडे गेलो असतो, जिथून रस्त्यावर ‘अराफ’, म्हणजे वेल्शमध्ये ‘सावकाश’, लिहिलेले दिसू लागते, तर सासूबाईंच्या मुलीने आईच्या भाषेत लग्न केले असते. त्यांनी तसे सुचवलेही होते. आणि ज्याने शाळकरी वयापासून एक नोव्हेंबरचा काळा दिवस पाळला, सातबाराचा उतारा आणि बसवरची पाटी मराठीत असावी म्हणून मोर्च्यात घसा बसवला, तो मी त्यांना म्हणालो की एवढ्याशा फरकासाठी हॉटेल कशाला बदलायचे. सासूबाई काही बोलल्या नाहीत. वेल्श माणसे गप्प बसतात तेव्हा काय होते हे मला पुढे हळूहळू कळले.

त्यामुळे चुलतभावांवर मी संतापतो तेव्हा त्या संतापात थोडी भेसळ आहे, हे मान्य करतो. तरीही मुद्दा सोडत नाही. अंतरपाट आपला की त्यांचा, हा वाद बेळगावात बसून घालणे म्हणजे डोळ्यांवरच अंतरपाट धरणे आहे. कन्नड घरांतही तो धरतात आणि त्याला अंतरपटच म्हणतात. जिरे-गूळ तो दूर होण्याच्या क्षणीच एकमेकांच्या डोक्यावर ठेवायचा असतो. एका कापडाच्या दोन बाजूंना उभे राहून दोन भाषांतली माणसे तेच करत आली आहेत.

दादाला मात्र मी वेगळे उत्तर देईन, कारण तो फुल्यांचे नाव घेऊन बोलतो. पहिले सत्यशोधक लग्न २५ डिसेंबर १८७३ रोजी लागले, आणि त्या परंपरेत जोतीरावांनी विधी पुसून टाकला नाही. मधला पुरोहित काढला आणि वधूवरांनीच एकमेकांना म्हणायची मंगलाष्टके मराठीत रचली. कोरी सहीच पुरोगामी असती तर त्यांना एवढे श्रम घेण्याचे कारण नव्हते. माणसाला त्या दिवशी काहीतरी हातात धरायला आणि तोंडाने म्हणायला लागते. ते काय असावे हे ज्याचे त्याने ठरवावे, इतकीच त्या सुधारणेची मागणी होती, आणि भाची तेच करते आहे.

हे सगळे मी भाचीच्या होणाऱ्या नवऱ्याला फोनवर मोठ्या रुबाबात ऐकवले. त्याने ऐकून घेतले आणि मग विचारले, ‘मामा, मंत्रमांगल्य माहीत आहे ना तुम्हाला?’ मला माहीत नव्हते. कन्नड कवी कुवेंपूंनी पुरोहिताशिवाय, हुंड्याशिवाय, साध्या खर्चात वधूवरांसमोर वाचायची विवाहसंहिता तयार केली आणि १९६६ साली आपल्या मुलाचे, पूर्णचंद्र तेजस्वींचे, लग्न तसेच लावले. कर्नाटकात आजही अनेक जण त्या पद्धतीने लग्न करतात. मी बेळगावात चोवीस वर्षे काढली आणि मला यातले अक्षरही ठाऊक नव्हते, कारण कन्नड वाचायचे नाही हा मी केलेला पण होता. शाळेत जेवढे सक्तीचे होते तेवढे घोकले आणि परीक्षेनंतर विसरलो, आणि त्या विसरण्याचा मला अभिमान होता.

हा पण इथे किती टिकला? लग्नासाठी मला होम ऑफिसची परवानगी काढावी लागली होती. त्या काळात व्हिसावरच्या माणसाला ती लागत असे. घरी मी हे कधी सांगितले नाही. पुढे ‘लाइफ इन द यूके’ची परीक्षा पाठ करून दिली, आणि कौन्सिलच्या सभागृहात उभा राहून राणी, तिचे वारस आणि उत्तराधिकारी यांच्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ इंग्रजीतून घेतली. आवाज जरासुद्धा अडखळला नाही. तोच मी खानापूरच्या कचेरीतल्या कन्नड फॉर्मवर सही करताना हात आखडता घेत होतो.

आणि आई. माझ्या लग्नाला तिला व्हिसा मिळाला नाही, म्हणून मित्राने हॉटेलातून फोन लावून धरला होता. ती खानापुरात कानाला फोन आणि मुठीत अक्षता घेऊन बसलेली. इंग्रजी शब्द चालले असताना ती विचारत राहिली, ‘काय बोलूलालेत रे? आता टाकू काय?’ कोणी तिला सांगितले नाही. शेवटी टाळ्या वाजल्या तेव्हा तिने अंदाजाने देवघराच्या दिशेने अक्षता टाकल्या. इंग्लंडच्या लग्नपत्रात तेव्हा फक्त वडिलांची नावे आणि व्यवसाय लिहीत. आयांची नावे मे २०२१ पासून येऊ लागली. माझ्या कागदावर म्हणून ‘शेतकरी’ आहे, आई नाही.

भाचीने तीन साक्षीदार ठरवले आहेत: तिची आई, त्याची आई, आणि तिसरा मी. वचने दोघे दोन्ही भाषांत म्हणणार आहेत, ती कन्नडमध्ये आणि तो मराठीत, त्यामुळे आधी कोणती हा प्रश्न चुलतभावांनी हवा तर नाणे उडवून सोडवावा. नद्यांच्या त्या आठ ओळी तिने मागवून घेतल्या असून मुलाच्या बहिणीने त्यांचे कन्नड केले आहे. आज्जी, म्हणजे माझी आई, पहिल्या रांगेत बसेल आणि अक्षता कधी टाकायच्या हे तिला आधीच सांगून ठेवले आहे. माझे तिकीट काढून झाले आहे. कालच भाचीचा फोन आला होता: ‘मामा, सही मराठीत कर हं.’ माझी सही गेली एकोणीस वर्षे इंग्रजीत आहे, पासपोर्टावर, बँकेत, सगळीकडे. काल रात्री कौन्सिल टॅक्सच्या पाकिटामागे मी पंधरा-वीस वेळा मराठीत सही करून पाहिली. आडनावातला जोडाक्षराचा पाय अजून नीट वळत नाही.