पुतण्याला फिलॉसॉफी घेऊ द्यावी का? लातूरच्या दादांना उत्तर

दादा, कमेंट झोंबली पण आवडली. तुम्ही लिहिलंय, बीए फिलॉसॉफी हे पुण्या-मुंबईचे चोचले, दुष्काळी भागातल्या पोरानं आयटीआय करावं, तत्त्वज्ञानानं चूल पेटत नाही.

चुलीचं खरंय. मी तत्त्वज्ञान शिकून सात वर्षं तासिका तत्त्वावरच शिकवलं, तेवढंच एक तत्त्व पोटाला लागलं! यूपीएससीत २०१३ पासून एथिक्सचा २५० मार्कांचा पेपर आहे हे सांगून पोरं ओढणारे आहेत, पण परीक्षेपुरतं वाचायचं तर क्लास लावा की, तीन वर्षं कशाला घालवायची.

पण पुण्या-मुंबईचं? मुकुंदराजांचा विवेकसिंधू हा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ शके १११० चा धरतात, त्यांची समाधी आपल्या अंबाजोगाईत आहे, आणि ब्रह्म-माया असला अवघड विषय त्या माणसानं मराठीत मांडलाय.

आता घरचं सांगतो. मागं आमचं सोयाबीन उगवलंच नाही, दुबार पेरणीची वेळ आली. दुकानदार म्हणला पाऊस कमी पडला म्हणून उगवलं नाही, वडील गप बसले, खालमानेनं निघाले पण होते. मला वर्गातला न्यायदर्शनाचा, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राचा, तापलेला लोखंडाचा गोळा आठवला. म्हणजे कसं, धूर दिसला की आग आहे म्हणता येतं, पण आग आहे म्हणून धूर असेलच असं नाही, लालबुंद गोळ्यात आग असते अन् धूर नसतो, असल्या कारणाला व्यभिचारी हेतू म्हणतात (हे नाव ऐकून वर्गात आम्ही लई हसलो होतो). कमी पावसाचं कारणपण तसलंच, ते असूनही बी उगवू शकतं. मी विचारलं, बांधाला बांध लागून चुलत्याचं रान आहे, पेरणी त्याच दिवशी, पाऊस तोच, बियाण्याची बॅग तेवढी दुसऱ्या दुकानातली, मग त्याचं कामून उगवलं? दुकानदार म्हणला तुम्ही खोल पेरलं असेल. म्हणलं चला, उकरून दाखवतो. दोन बोटांवरच दाणे होते, कुजलेले. मग तालुक्याला कृषी खात्याकडं अर्ज, पंचनामा, अन् शेवटी बॅगा तेवढ्या बदलून मिळाल्या, पेरणीचा खर्च गेला तो गेलाच.

आता तुम्ही म्हणाल एवढं तर न शिकलेल्या माणसालापण सुचतं. सुचतं की, आमच्या आजीला माझ्याआधी सुचलं असतं. मला मात्र ते शिकावं लागलं.

पुतण्याला आयटीआयच आवडत असेल तर बिनधास्त घाला, त्यात काही कमीपणा नाही. फिलॉसॉफीच पाहिजे म्हणत असेल तर ॲडमिशनच्या आधी एकदा कॉलेजात स्वतः जाऊन या अन् विषयाला पूर्णवेळ मास्तर आहे का ते विचारा, नुसतं प्रॉस्पेक्टसवर जाऊ नका.