डिस्क कॉपी झाली, तरी कॅसेट भंगारात देऊ नका

नातेवाइकांच्या ग्रुपवर एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा आशय असा: लग्नामुंजीच्या जुन्या कॅसेट आणि डीव्हीडी दुकानात देऊन पैसे घालवू नका. ओळखीत कुणाकडे तरी डीव्हीडी रेकॉर्डर, म्हणजे चित्र थेट डिस्कवर भरणारं यंत्र, पडून असतोच. तो आणा, पिवळी-लाल-पांढरी वायर जोडा, बटण दाबा. डिजिटल असल्यामुळे दर्जा जराही कमी होत नाही, कुठलीही डिस्क कॉपी होते, कॉपी कुठल्याही प्लेअरवर चालते आणि शंभर वर्षं टिकते. मग मूळ कॅसेट भंगारात द्या आणि कपाट मोकळं करा.

घरी कॉपी करता येते, एवढं खरं आहे. बाकीच्या एकेका दाव्याला उत्तर द्यावंसं वाटतं, कारण शेवटच्या वाक्यावर भरवसा ठेवून लोक खरोखरच कॅसेट टाकून देतात, आणि मग काही करता येत नाही.

‘डिजिटल असल्यामुळे दर्जा कमी होत नाही.’ फाइल जशीच्या तशी उचलली तर कमी होत नाही, हे बरोबर. पण पिवळ्या वायरीतून फाइल जात नाही, अॅनालॉग चित्र जातं. रेकॉर्डर ते चित्र नव्याने डिजिटल करतो आणि एमपेग-२ पद्धतीने दाबून डिस्कवर लिहितो. किती दाबायचं हे तुम्ही निवडलेल्या मोडवर ठरतं. ४.७ जीबीच्या डिस्कवर एक्सपी मोडमध्ये साधारण १ तास मावतो, एसपीमध्ये २, एलपीमध्ये ४, ईपीमध्ये ६. लग्नाची कॅसेट बहुधा १८० मिनिटांची. ती एकाच डिस्कमध्ये बसावी म्हणून लोक एलपी निवडतात, आणि नुकसान होतं ते इथे.

एमपेग-२ प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही. काही चित्रं पूर्ण ठेवतं आणि मधल्या चित्रांत काय बदललं तेवढंच नोंदवतं. नवरा-नवरी पाटावर स्थिर बसलेली असताना हे छान चालतं. पण ‘शुभमंगल सावधान’ झालं, चहूबाजूंनी अक्षता पडल्या, की चित्राचा प्रत्येक कोपरा एकदम बदलतो. एलपीच्या तुटपुंज्या डेटात तेवढा बदल मावत नाही, आणि नेमक्या त्या क्षणी चेहऱ्यांचे चौकोनी ठोकळे होतात. शालूची जर विरघळल्यासारखी दिसते. त्यात जुन्या कॅसेटवरची मुंग्यांसारखी खरखर रेकॉर्डरला हालचालच वाटते, म्हणून बराचसा डेटा तीच खाऊन टाकते. कॅसेट कॉपी करायचीच असेल तर एक्सपी किंवा फार तर एसपी घ्या, आणि दोन-तीन डिस्क लागल्या तर लागू द्या.

मूळ माल कॅसेट नसून डीव्हीडी असेल, तर रेकॉर्डरची गरजच नाही. प्लेअरमधून वायरीने रेकॉर्डरमध्ये नेणं म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स काढणं: एकदा दाबलेलं चित्र पुन्हा उलगडून पुन्हा दाबलं जातं. त्यापेक्षा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह कॉम्प्युटरला जोडा आणि डिस्कची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी फाइल, काढा. एक अन् एक बिट तसाच उतरतो, आणि तीन तासांऐवजी पाव-अर्ध्या तासात काम होतं. चरे पडलेली डिस्क असेल तर डीडीरेस्क्यू हे मोफत सॉफ्टवेअर वापरा. ते आधी चांगला भाग वाचून घेतं आणि मग अडलेल्या जागी परत परत प्रयत्न करतं. हार्डडिस्क असलेल्या रेकॉर्डरवर मात्र हाय-स्पीड डबिंगचा पर्याय असतो. आतलं रेकॉर्डिंग त्याने डिस्कवर घेतलं तर ते पुन्हा दाबलं जात नाही.

‘कुठलीही डिस्क कॉपी होते.’ होत नाही. विकतच्या सिनेमांच्या बहुतेक डीव्हीडी सीएसएस या कुलपाने बंद असतात, आणि अनेकांच्या अॅनालॉग सिग्नलमध्येही मॅक्रोव्हिजन नावाची कॉपी रोखणारी खूण असते. ती दिसली की रेकॉर्डर कॉपी नाकारतो. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आलं. हक्कांचं उल्लंघन करण्याच्या हेतूने असं संरक्षण मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. घरच्या समारंभाच्या चित्रणाला यातलं काही लागू नाही. तरी एक गोष्ट लक्षात ठेवा: फार झिजलेल्या कॅसेटचा अस्थिर सिग्नल पाहून काही रेकॉर्डर तीच खूण समजतात आणि तुमच्याच साखरपुड्याला ‘कॉपी करता येणार नाही’ म्हणतात. तेव्हा कॅसेट खराब झाली असं ठरवू नका. मध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे डळमळता सिग्नल स्थिर करणारं उपकरण, लावलं की बहुधा मार्ग निघतो.

‘कॉपी कुठल्याही प्लेअरवर चालते.’ त्यासाठी डिस्क फायनलाइझ करावी लागते, म्हणजे भरून झाल्यावर इतर प्लेअरना वाचता येईल अशी रेकॉर्डरकडून बंद करून घ्यावी लागते, आणि ही पायरी त्या सल्ल्यात नाही. डीव्हीडी-आर (एकदाच भरता येणारी डिस्क) व्हिडिओ मोडमध्ये, म्हणजे साध्या डीव्हीडीच्या मांडणीत, भरली आणि फायनलाइझ न करता काढून ठेवली, तर ती ज्या रेकॉर्डरवर भरली त्यावर दिसते, दुसरीकडे बहुतेक ठिकाणी ‘नो डिस्क’. व्हीआर मोडमध्ये, म्हणजे रेकॉर्डरवर काटछाट करता यावी अशा वेगळ्या मांडणीत, भरलेली असेल तर साध्या प्लेअरचा भरवसा फायनलाइझ करूनही नाही. वर्षांनी रेकॉर्डर बंद पडतो आणि अशा डिस्कचा गठ्ठा हातात राहतो. तो कोरा समजून फेकू नका, आयसोबस्टरसारख्या सॉफ्टवेअरने त्यातलं पुष्कळदा बाहेर काढता येतं. तीच गोष्ट रेकॉर्डरच्या हार्डडिस्कची. ती कॉम्प्युटरला जोडल्यावर ‘फॉरमॅट करू का’ असं विचारलं, तर ‘हो’ म्हणू नका. आतली मांडणी कंपनीची स्वतःची असते, कॉम्प्युटरला ती कळत नाही एवढंच.

‘शंभर वर्षं टिकते.’ डीव्हीडीच मुळात १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये बाजारात आली, तेव्हा शंभर वर्षं टिकलेली कुणी पाहिलेली नाही. असे आकडे डिस्क उष्ण-दमट पेटीत ठेवून, त्यावरून गणित मांडून काढतात. कारखान्यात छापलेल्या डिस्कमध्ये प्लास्टिकवर ठसलेले खड्डे असतात. आपण घरी भरतो त्या डीव्हीडी-आरमध्ये ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये सेंद्रिय रंगाचा थर असतो, आणि लेसर त्या रंगावर खुणा करतो. ऊन, उष्णता आणि दमट हवा तो थर बिघडवतात. कोकणातला किंवा गोव्यातला एक पावसाळा आठवा, म्हणजे फार सांगायला नको. डिस्कवर चिकटवलेलं कागदी लेबलही घात करतं, कारण ते सुटतं, फुगतं आणि डिस्क फिरताना थरथरते. पुढे या डिस्क चालवणार कशावर, हाही प्रश्न आहेच. डिस्कचा जमानाच सरतो आहे: डीव्हीडीनंतरच्या पिढीच्या कोऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादनही सोनीने २०२५ च्या फेब्रुवारीत थांबवलं. म्हणून डिस्कवर भरलं तरी तीच फाइल दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा, आणि एक प्रत दुसऱ्या घरी राहू द्या. बहीण नाशिकला असो की न्यू जर्सीला, तिला पाठवून ठेवा.

‘मूळ कॅसेट भंगारात द्या.’ देऊ नका. तुमच्या रेकॉर्डरने २०१० साली काढलेली कॉपी तेव्हाच्या चिपच्या कुवतीची आहे. आता व्हीसीआरच्या हेडमधून (टेप वाचणाऱ्या भागातून) येणारा कच्चा सिग्नलच थेट साठवून, त्यातून कॉम्प्युटरवर चित्र उभं करण्याची व्हीएचएस-डीकोडसारखी साधनं हौशी लोकांनी तयार केली आहेत. एलपीत हरवलेले चेहरे टेपवर अजून असतील, तर तिथूनच परत मिळतील. चालू स्थितीतला व्हीसीआर मात्र दुर्मीळ होत चालला आहे. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ च्या जुलैत उत्पादन बंद केलं. तेव्हा चांगली कॉपी काढायचं काम याच वर्षी करा.

कॅसेट पूर्ण रिवाइंड करून, पुस्तकासारखी उभी, कोरड्या कपाटात ठेवा आणि तिच्यामागची छोटी पट्टी मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर काही रेकॉर्ड होणार नाही. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून टेपवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. टेप फाटू शकते, आणि हेडला लागलेली बुरशी त्यानंतर लावलेल्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती आधी साफ करणाऱ्याकडेच द्या.